भाऊरावांना वाचून दाखवलेलं पान

—नाही रे शिवदास, अर्ज असा बोलतात तसा लिहायचा नसतो. आधी ‘प्रति, माननीय अध्यक्ष’, खाली आपल्या ग्रामस्थ मंडळाचं नाव, मग ‘विषय’, आणि विषयाखाली रेघ. एकतीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनला काढली मी, विषय नसलेला अर्ज हातात आला की आम्ही सरळ परत पाठवायचो. बस ना, उभा कशाला? ती खुर्ची हलते, पलंगावर बस. आता तू सांग आणि मी लिहिते. ‘आम्ही वेरलखोलचे गावडे. शिमग्याला देवीच्या पालखीला पहिला खांदा द्यायचा मान आणि पालखी आमच्या दारात थांबायचा मान आम्हाला परत मिळावा, असा अर्ज आमच्या वडिलांनी, कै. भाऊराव गावडे यांनी, मंडळाकडं दिला होता. तो आम्ही मागे घेत आहोत.’ बरोबर? आणि पुढं? कारण? कारण लिहावं लागेल रे, कारण नसेल तर रविवारच्या मीटिंगमध्ये दहा जण दहा प्रश्न विचारतील. काय म्हणालास? ‘कारण आमचे आजोबा धोंडू गावडे यांनी देवीचा मुखवटा चोरल्याचं आम्हाला मान्य आहे.’ …थांब. शाई नीट उतरत नाही. कोमट पाण्यातून काढायला पाहिजे हे पेन.

चहा घेणार ना? घे रे, कपभर चहानं काय होतंय. विक्रोळीहून इथं पंतनगरला यायला तुला बसला किती वेळ लागला असेल मला ठाऊक आहे, आणि कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी आलायस. पाणी चारला येईल, तोवर मला काही काम नाही. बॉलपेन आहे तुझ्याकडं? असू दे, असू दे खिशात. अर्जाला शाईच बरी. म्हणजे घाई काय आहे? रविवारला अजून चार दिवस आहेत. हां, शिमगा तीन आठवड्यांवर आलाय, ते खरं. पण चार दिवस आहेत.

आणि हे काय पिशवीत? दे बघू… वही? ही मला का देतोस? भाऊराव म्हणाले? कधी, शेवटी? हॉस्पिटलात? ‘ही नलूबायची आहे, तिच्या आजोबांची आहे, तिला नेऊन दे’— असं म्हणाले? अगदी असंच? …ठेव. तिथं टेबलावर ठेव. नाही, हातात नको देऊस, हात ओले आहेत माझे.

तुला सांगू, मी ह्या माणसाच्या मागं तीन वर्षं होते. तुझ्या आजोबांच्या नाही रे, माझ्या. काशीराम परब, बक्कल नंबर दोनशे चौदा, एकोणीसशे चार साली शिपाई म्हणून भरती. रिटायरमेंट जवळ आली तेव्हा म्हटलं, आयुष्यभर लोकांच्या फायली शोधल्या, आता आपल्या माणसाची एक शोधू. रजा काढून रत्नागिरीला गेले. तिथला रेकॉर्डवाला म्हणतो, बाई, सन बाराच्या आधीचं काही मिळणार नाही, वाळवीनं खाल्लंय. मी म्हटलं, अहो, मला शिकवताय? वाळवी कधी सालं बघून खाते का? चार दिवस बसले त्याच्यासमोर. पाचव्या दिवशी त्यानं वैतागून किल्लीच टाकली टेबलावर. आणि सापडली! सर्व्हिस शीट सापडली. उंची पाच फूट पाच, उजव्या गालावर तीळ, लिहिता वाचता येतं— मोडी. एवढं वाचलं नि मला रडू आलं, खरं सांगते. तो तीळ मला आठवत होता ना! लहानपणी बोट लावायचे मी त्याला.

वेरलखोलच्या चौकीवर एकटा शिपाई. एकटा! खाली सतरा गावं. पायांना पट्ट्या गुंडाळायच्या, डोक्याला पटका, हातात दांडकं, नि डोंगर उतरून चढून गस्त. पावसाळ्यात वहाळाचं पाणी उतरेपर्यंत अलीकडं बसून राहायचं. वर फौजदार, तो सहा महिन्यांतून एकदा घोड्यावरून येणार नि विचारणार, गुन्हे किती उघडकीस आणले? आता सतरा गावांत कोंबडी चोरीला गेली तर गुन्हा व्हायचा, कुठून आणणार गुन्हे? दोनदा बढती हुकली त्यांची. शीटवरच लिहिलंय, ‘तपासात चमक नाही.’ आणि मग सन एकोणीसशे बारा— देवीच्या मुखवट्याची चोरी, आरोपी धोंडू गावडे, तीन दिवसांत मुद्देमालासह पकडला. शेरा उत्तम. हवालदार. …ते सगळं स्मरणिकेत आहेच की. तू वाचलंयस ना? मंडळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा काढली होती ती. चार पानं दिली मला, वर त्यांचा फोटो. ‘कर्तव्यदक्ष शिपाई.’ स्टेजवर बोलावून शाल दिली, नारळ दिला. अध्यक्ष म्हणाले, नलिनीबाईंनी गावाचा इतिहास लिहिला. शिवदास, मी लग्न केलं नाही, मला मूलबाळ नाही, ऑफिसात निरोप समारंभाला एक घड्याळ दिलं होतं ते सहा महिन्यांत बंद पडलं. टाळ्या म्हणशील तर माझ्यासाठी आयुष्यात त्या एकदाच वाजल्या. हसू नकोस. नाही हसलास? मग मला तसं वाटलं.

भाऊराव पण होते ना त्या दिवशी. शेवटच्या रांगेत. त्यांच्या बापाला चोर म्हणणारी चार पानं मी माइकवर वाचली नि ते शेवटच्या रांगेत बसून होते. उठून गेले नाहीत. तुम्हा गावड्यांना सवयच होती रे, ऐकून घ्यायची. पोरांना शाळेत ‘मुखवटाचोर’ म्हणायचे, तुला म्हणायचे ना? माणिकचं, तुझ्या बहिणीचं, जमलेलं लग्न त्यावरनं मोडलं, ते मला कळलं होतं. आणि शिमग्याला— मी दर वर्षी जायचे शिमग्याला, बायकांच्यात उभी असायचे, सगळं दिसायचं. माझा भाऊ जयवंत पहिला खांदा देतो, कारण तुमचा मान काढल्यावर तो आम्हा परबांकडं आला. पालखी एकेका दारात थांबते, बायका ओटी भरतात, नाचवतात, पुढं जाते. तुमच्या दारात तुझी आई निरांजन घेऊन उभी. तिच्याआधी तुझी आजी उभी राहायची म्हणे. पालखी काय थांबायची नाही, ढोलसुद्धा जरा जोरातच वाजवायचे तिथं. पण ती उभी. सत्तर वर्षं त्या घरातली बाई निरांजन घेऊन दारात उभी राहिली, कारण त्या घरात एकच गोष्ट ठरलेली होती— धोंडूनं चोरी केली नाही. जेलमधनं खोकत आला, वर्षभरात मेला, मरताना पण तेच म्हणाला, मी नाही घेतला.

हे तुला मी सांगायला नको. तुझ्याच घरचं आहे.

मग जुनी चौकी पाडली, शाळेची खोली बांधायला. आढ्याच्या वर ही वही मिळाली, कापडात बांधलेली. गुरुजींनी ती भाऊरावांना दिली, कारण चौकीचं काही जुनं कागदपत्र दिसलं तर सांगा, असं तेच एकटे वर्षानुवर्षं सांगत फिरायचे. शिपायाची टाचणवही. सगळी मोडीत. आता मोडी वाचणार कोण? आपल्या मंडळात दोनशे घरं, मोडी वाचणारी मी एकटी. मला त्यांनीच शिकवली ना, आजोबांनी! पडवीत बसवून, पाटीवर. मी सहा-सात वर्षांची. माझी आई म्हणायची, मुलीला कशाला हवी ती मोडी, चुलीत घालायचीय? तर ते म्हणायचे, घरात कुणाला तरी वाचता आली पाहिजे. …हे वाक्य मी स्मरणिकेत घातलंय बघ. कौतुकानं घातलंय. आता मला वाटतं, कशाला म्हणाले असतील ते तसं? वही स्वतःच लपवली, जाळून टाकायची तर जाळली नाही, आणि वर नातीला मोडी शिकवली. कशाला रे?

चहा गार होतोय तुझा.

तर भाऊराव आले. जून महिना, सकाळची वेळ, इथंच बसले, तू बसलायस तिथं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी म्हटलं, अहो भाऊराव, काशीराम परबांची नात मी, माझ्याकडं कशी आणलीत? तुम्हाला बाहेरचा कोण मिळेल की. तर म्हणाले, ‘नलूबाय, तू सरकारी दप्तरात आयुष्य काढलंस. कागदात आसा तां तू वाचतलंस.’ मालवणीतच बोलले. आणि डोळे मिटून बसले. ऐकायला.

मी आधीची पानं वाचली. गस्त, हवामान, कुणाचा बैल कुणाच्या शेतात. मग ते पान आलं. मी आधी मनात वाचलं— मोडीला आधी मनात वाचावंच लागतं, शब्द तुटत नाहीत, सगळी ओळ एकात एक. वाचलं नि परत पहिल्या शब्दापासनं वाचलं. आणि ते म्हणाले, ‘काय गो? थांबलंस कित्याक?’

मी थांबले नाही. मी बोट ओळीवर ठेवलं नि वाचत गेले. मोठ्यानं. ‘आरोपी धोंडू गावडे यास देवीसमोर उभे केले. त्याने रडत रडत गुन्हा कबूल केला. लोभापायी हातून पाप घडले म्हणाला.’

अंऽ? ऐक. नीट ऐक, मी एकदाच बोलू शकेन. असं त्या पानावर नाही. असं कुठंच नाही. ते मी म्हटलं. मी. बोट ओळीवरनं फिरवत होते, जिथं ओळ संपेल तिथं वाक्य संपवत होते, म्हणजे त्यांना संशय नको. एकतीस वर्षांत एक कागद गहाळ केला नाही मी, एक नोंद खोटी केली नाही, साहेबानं सांगितलं तरी नाही केली— आणि घरी बसून, समोर डोळे मिटलेला म्हातारा, त्याला मी… बस रे! बस खाली. उठू नकोस अजून. पानावर काय आहे ते तरी ऐक. मला वही उघडायला नको, पाठ आहे. दोन वर्षं पाठ आहे. ‘देवीचा मुखवटा देवळामागे निर्माल्याचे खड्ड्यात मिळाला. पालखी उतरवतेवेळी फुलांसोबत गेला असावा. चोरी झालेली नाही. फौजदारसाहेब परवा येणार. मुखवटा रात्री धोंडू गावडे याचे पेंढ्याचे उडवीत ठेवला व सकाळी पंच बोलाविले. त्याने देवीवर हात ठेवून नाही म्हटले. मी हो म्हटले.’

एवढंच आहे. खाली तारीख.

धोंडूच का? कारण मुखवटा उतरवायचा मान त्याचा, शेवटचा हात त्याचा, लोकांना पटणार. मानामुळंच तो सापडला. आणि आमच्या घरात काय सांगायचे ठाऊक आहे? आजोबांनी स्वतः पालखीला खांदा कधीच दिला नाही, भावाला पुढं करायचे. खांदा दुखतो म्हणायचे. मी स्मरणिकेत काय लिहिलं? दरोडेखोराची काठी बसली म्हणून! कुणी सांगितलं मला तसं? कुणीच नाही. मीच जोडलं, शोभतंय म्हणून. सर्व्हिस शीटवर कुठं जखमेची नोंद नव्हती नि मी नोंदी बघणारी बाई, मला ते तेव्हाच कळायला नको? कळलं होतं. बाजूला ठेवलं.

का केलं, का केलं— मला काय ठाऊक का केलं! शाल दिली होती रे त्यांनी मला. जयवंत पालखीच्या पुढं चालतो तेव्हा त्याची छाती बघितलीयस तू? शाळेच्या खोलीला आजोबांचं नाव द्यायचं घाटत होतं. एवढीच कारणं. दुसरं काही मोठं कारण असतं तर मी सांगितलं नसतं का तुला? मी दोन वर्षं शोधतेय.

आणि ऐक, तू विचारायच्या आधी सांगते. एकदाच नाही. भाऊराव म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. मग म्हणाले, अजून एकदा. आता बघ, तेव्हा मी खरं वाचू शकत होते. चष्मा पुसते म्हणायचं, चुकलं म्हणायचं, अक्षर लागलं नाही म्हणायचं— मोडीत कुणाचंही चुकतं. तिसऱ्यांदा पण तेच वाचलं, शब्दाला शब्द. तेव्हा मला आत काय वाटलं सांगू? की माझं वाचन एकसारखं झालं, बरं झालं. असं वाटलं. मला स्वतःची किळस येते ते आठवलं की.

वही त्यांनी आठ दिवस माझ्याकडंच ठेवली होती, सगळी सावकाश वाच म्हणून. ते पान फाडायला हात लावला मी. नाही फाडवलं. दप्तरातला कागद फाडायचा नसतो, हे अंगात भिनलंय. जसंच्या तसं आहे ते पान. बघ तू. तुला कळायचं नाही, पण बघ.

गेल्या शिमग्याला मी बायकांच्यात उभी होते नि तुमचं दार बंद होतं. पहिल्यांदा. निरांजन नाही, तुझी आई नाही. मला वाटलं कुणी आजारी आहे की काय. नंतर कळलं, भाऊराव सकाळीच देवळात जाऊन नारळ ठेवून आले. गाऱ्हाणं घातलं— आई, माझ्या बापाची चूक पदरात घे. सगळ्या गावासमोर. लोक म्हणाले, चला, शेवटी आला जाग्यावर. जयवंत म्हणाला, मोठं मन केलं भाऊरावांनी. मी म्हटलं, हो. मी ‘हो’ म्हटलं, शिवदास.

तेव्हा बोलायचं होतं. ते जिवंत होते. हॉस्पिटलात पण येऊन गेले मी, संत्री घेऊन. आठवतं ना, तू बाहेर बाकड्यावर होतास. आत जाऊन सांगणारच होते. त्यांनी मला बघून उठायचा प्रयत्न केला, मान द्यायला. मी संत्री ठेवली नि ताप किती आहे विचारलं.

आता हा अर्ज मी लिहायचा? माझ्या ह्या अक्षरात? ‘आम्हाला मान्य आहे’ म्हणून? नाही लिहिणार. जीव गेला तरी नाही. फाड तो कागद— थांब, मी फाडते, हा काही दप्तरातला नाही. रविवारी ही वही घेऊन तूच जा मीटिंगला. आणि माझ्या शब्दावर जाऊ नकोस. आता मी खरं वाचलं असं तरी कशावरनं? कुणीही म्हणेल, बाई फिरली. बाहेरचा माणूस गाठ, मोडी येणारा, परका. नाव देते, पत्ता देते, मुलुंडला राहतात, माझ्या सेक्शनचेच होते. त्यांच्याकडनं वाचून घे, सहीनिशी लिहून घे, दोन साक्षीदार बसव. आणि मीटिंगला मला बोलवा. येईन मी. तिथं उभी राहून सांगेन. जयवंत माझं तोंड बघणार नाही पुन्हा, नको बघू दे. शाल नेऊन देईन अध्यक्षांना— नाही, ते नाटक होईल. नाही नेणार. नुसतं सांगेन.

काय? …काय विचारलंस? तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर बाबा काय म्हणाले?

ते नको विचारूस.

अरे नको ना. वही मिळाली, अर्ज मिटला, खरं कळलं, झालं की तुझं. ते कशाला हवंय? …तुझ्या बापाचे शब्द आहेत, तुझा हक्क आहे, खरंय. बरं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. मला म्हणाले, ‘नलूबाय, सत्तर वर्षां आमी तुझ्या आज्याक गाळी घातलंव. आमच्या घरात पोरांका शिकवलंव, परब खोटो म्हणून. माका माफ कर.’ आणि हात जोडले. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा माणूस, इथं, ह्या पलंगावर, मला हात जोडून बसला. खाली घेईनात हात. मी काहीतरी म्हणेपर्यंत खाली घेईनात.

मी म्हटलं, असू दे भाऊराव. माफ केलं.

…शिवी दे. तुझ्या कंपनीतल्या भाषेत दे, मला चालेल. नको असा बघू. बरं. वही घेतलीस? पिशवीत घाल, कोपरे मोडतील. आणि तो पत्ता— हा घे. चहा राहिला तुझा, राहू दे. …अरे अरे, शिवदास, नको! वाकू नको रे, पाया नको पडूस माझ्या, सवयीनं सुद्धा नको, मला सहन व्हायचं—

चपला होय.

घाल. घाल बाबा.